व्हिलनच्या शयनगृहात थेट उडी: स्क्राइंग, टेलिपोर्ट आणि जादूच्या भिंती

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा होता. तेराव्या लेव्हलच्या पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाने) कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीच्या, मुख्य व्हिलनवर स्क्राइंग (दुरून पाहण्याची जादू) टाकलं. तो पलंगावर घोरताना दिसला, विझार्डने (जादूगार पात्राने) लगेच टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे नेणारी जादू) टाकला, आणि सहा महिने रंगवलेला व्हिलन दोन राउंडांत संपला. पुढचा व्हिलन किल्ल्यात राहतो. तर आता टेलिपोर्टवर बंदी घालावी की अख्ख्या किल्ल्यावर प्रायव्हेट सँक्टम (जागेला अशा जादूपासून झाकणारी जादू) लावावं? आणि वॉल ऑफ फोर्स (जादूची अदृश्य भिंत) टेलिपोर्टला अडवते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. बाकीच्याला थोडा वेळ लागेल.

मी पुण्यात पंधराएक वर्षं शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतोय, बहुतेक वेळा मराठीतूनच. तुम्ही सुचवलेले दोन्ही उपाय मी करून बसलोय. बंदी घातली तेव्हा विझार्ड खेळणारा मित्र दोन सेशन तोंड पाडून बसला, आणि त्याचं बरोबरच होतं. तेरा लेव्हल घासल्यावर मिळालेली गोष्ट मी काढून घेतली होती. पुढच्या कॅम्पेनमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या दारामागे सँक्टम ठेवलं. तेव्हा पार्टीने स्क्राइंग टाकणंच सोडून दिलं, आणि मी वर्णनासाठी जपून ठेवलेल्या निम्म्या गोष्टी त्यांना कधी दिसल्याच नाहीत.

खाली जे लिहितोय ते २०१४च्या पाचव्या आवृत्तीनुसार. तुम्ही २०२४ची सुधारित पुस्तकं वापरत असाल तर प्रत्येक स्पेलचा (मंत्राचा) मजकूर एकदा शेजारी ठेवून वाचा.

तुम्ही ‘कसं अडवू’ असं विचारताय. मला मात्र शंका आहे ती तुमच्या भिंतींबद्दल नाही, फाशाबद्दल आहे. त्या रात्री टेलिपोर्टच्या तक्त्यावर फासा टाकला होतात का? प्रश्नात तसं काही लिहिलेलं नाही. टाकला नसेल, तर तुमच्या पार्टीला सातव्या लेव्हलचा स्पेल (स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी मोजतात) त्याची सगळी जोखीम वजा करून मिळाला.

तक्ता काय म्हणतो बघा. ‘एकदाच पाहिलेली’ जागा असेल, तर शंभरात ४३ वेळा अपघात होतो: प्रत्येकाला ३डी१० फोर्स डॅमेज (दहा बाजूंच्या तीन फाशांवर पडेल तेवढी इजा), आणि पुन्हा फासा. त्या पुन्हाच्या फाशातही परत अपघात पडू शकतो. १० वेळा तुम्ही भलत्याच पण तशाच दिसणाऱ्या जागी जाता. २० वेळा निशाणा चुकतो, तोही प्रवासाच्या अंतराच्या टक्क्यांत. म्हणजे १२० मैलांची उडी असेल आणि दोन डी१०वर ५ आणि ३ पडले, तर ५ गुणिले ३, १५ टक्के, म्हणजे १८ मैल बाजूला. ठरवल्या जागी पोचण्याची शक्यता उरते फक्त २७ टक्के. आणि ‘एकदाच पाहिलेली’च्या व्याख्येतच लिहिलंय की ते पाहणं जादूनेही झालेलं चालेल. थोडक्यात, स्क्राइंगमध्ये दिसलेलं शयनगृह याच ओळीत बसतं.

इथे तुमचा विझार्ड पुस्तक उघडून दुसरी ओळ दाखवेल, आणि ती खोटी नाही. ‘अगदी परिचित’ जागेच्या व्याख्येत ‘स्पेल टाकताना तुम्हाला दिसत असलेली जागा’ असंही आहे. स्क्राइंग कॉन्सन्ट्रेशनवर चालतं, टेलिपोर्टला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. तेव्हा सेन्सर (स्क्राइंगचा अदृश्य डोळा) चालू ठेवून त्याच डोळ्यांनी उडी मारली तर? मग ठरवल्या जागी पोचण्याची शक्यता ७६ टक्के आणि अपघाताची फक्त ५. शब्दशः वाचलं तर हा मुद्दा टिकतो. तरी मी तो मान्य करत नाही. तक्ता लिहिणाऱ्यांनी जादूने पाहिल्याचा उल्लेख मुद्दाम ‘एकदाच पाहिलेली’मध्ये केलाय, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं ते मला तिथे जास्त स्पष्ट दिसतं. दुसरा डीएम (खेळ चालवणारा) उलट निर्णय देईल आणि त्यालाही चूक म्हणता येणार नाही. महत्त्वाचं एवढंच की हा निर्णय आधी सांगा. पार्टी हवेत असताना नियम सांगितलात तर भांडण होणारच.

मात्र नुसतं ‘२७ टक्के, घ्या’ म्हणून थांबू नका. त्याच तक्त्यात वर चढायच्या पायऱ्या आहेत, आणि खरा खेळ तिथे आहे. स्क्राइंग माणसावर टाकता येतं तसं आधी पाहिलेल्या जागेवरही टाकता येतं, आणि जागेला विस्डम सेव्ह (स्पेल टाळण्यासाठी टाकायचा फासा) नसतो. एकदा ते शयनगृह दिसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या टेबलावर तीनदा पाहिलेली जागा ‘सहज पाहिलेली’ होते (४७ टक्के), आणि आठवडाभर रोज दहा मिनिटं बारकाईने पाहिली की ‘अगदी परिचित’. किती वेळा पाहायचं ते आकडे माझे आहेत, पुस्तकातले नाहीत. पण प्रत्येक वेळी पाचव्या लेव्हलचा स्लॉट (दिवसाला मोजकेच मिळणारे स्पेल टाकण्याचे हप्ते) जातो, आणि त्या आठवड्यात जगही थांबलेलं नसतं.

याहून मजेदार पायरी म्हणजे वस्तू. गेल्या सहा महिन्यांत त्या जागेवरून उचललेली एखादी वस्तू हातात असेल, तर टेलिपोर्ट हमखास लागतो, फासाच नको. पुस्तकातल्या उदाहरणांत ग्रंथालयातलं पुस्तक आहे, शाही दालनातली चादर आहे. म्हणजे व्हिलनच्या खोलीत उडी मारायची असेल तर आधी कुणीतरी तिथे जाऊन चादर चोरायची. ती चोरी हेच एक अख्खं सेशन होतं.

आता भिंतींकडे. आमच्याकडे नवीन कुणी आलं की मी तीन नावं सांगतो: संजय, नारद आणि लक्ष्मणरेषा. संजयाला सगळं दिसतं, पण तो तिथे जात नाही; ते स्क्राइंग. नारद वाटेत न चालता थेट प्रकट होतो, तो टेलिपोर्ट. आणि प्रत्येक जादूच्या भिंतीला तीन वेगळे प्रश्न विचारायचे. चालत येणारं शरीर अडतं का? संजयाची नजर अडते का? नारद अडतो का, आणि अडत असेल तर येताना, जाताना की दोन्ही वेळा? पुस्तकात लिहिलेलं असतं तेवढंच अडतं. ‘भिंत आहे म्हणजे सगळं अडत असणार’ हा अंदाज करायचा नाही. बहुतेक भांडणं त्या अंदाजातून येतात.

या हिशोबाने वॉल ऑफ फोर्स फक्त शरीराची भिंत आहे. तिच्यातून काही आरपार जात नाही, तिला डॅमेज होत नाही, डिस्पेल मॅजिकने ती जात नाही (डिसइंटिग्रेटने जाते), आणि एथेरियल (शेजारच्या अदृश्य जगातून जाणारा) मार्गही ती बंद करते. पण टेलिपोर्ट करणारा मधली जागा पार करतच नाही, त्यामुळे त्याला तिचं काही नाही. वर ती अदृश्य. पलीकडचं सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून ३० फुटांचा मिस्टी स्टेपसुद्धा (दिसणाऱ्या जागी छोटा टेलिपोर्ट) चालतो. पार्टीच्या विझार्डला वॉल ऑफ फोर्सच्या घुमटात कोंडून मी एकदा निर्धास्त झालो होतो. त्याने बोनस ॲक्शनमध्ये माझी अख्खी योजना मोडली. कोंडायचंच असेल तर फोर्सकेज बघा. त्यातून टेलिपोर्टने निघायचं तर आधी करिष्मा सेव्ह लागतो, आणि तो चुकला तर निघता येत नाही, स्पेलही वाया जातो.

फॉर्बिडन्स ही खरी लक्ष्मणरेषा. आत टेलिपोर्ट होता येत नाही, पोर्टलमधून किंवा दुसऱ्या प्लेनवरून (जगातून) येता येत नाही. पण आतून बाहेर टेलिपोर्ट करण्याबद्दल तिथे एक अक्षर नाही. सीतेला रेषेबाहेर पाऊल टाकता आलं होतं, तसंच हे. स्क्राइंगही ती अडवत नाही. व्याप्ती मोठी: ४०,००० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ३७ गुंठे, आणि ३० फूट उंची. तीस दिवस रोज टाकली की डिस्पेल होईपर्यंत टिकते, आणि १,००० गोल्डची माणकाची पूड शेवटच्या दिवशीच खर्ची पडते. आत असलेल्या माणसाने आतल्या आतच मिस्टी स्टेप केला तर? मी चालू देतो; तो ‘आत येत’ नाहीये, तो आतच आहे.

प्रायव्हेट सँक्टम उलट स्वभावाचं आहे. (फुकट मिळणाऱ्या नियमावलीत हेच नाव आहे, पुस्तकात त्याच्या पुढे एका जादूगाराचं लांबलचक नाव लावलेलं असतं.) बाजूला जास्तीत जास्त १०० फूट असा घन, २४ तास टिकणारा, वर्षभर रोज टाकला तर कायमचा. स्पेल चौथ्या लेव्हलचा, म्हणजे सातव्या लेव्हलचा विझार्ड पदरी ठेवणारा कुठलाही श्रीमंत व्हिलन हे करू शकतो. यात काय काय अडवायचं ते टाकणारा निवडतो: आवाज, बाहेरून आत बघणं, स्क्राइंगचे सेन्सर, आतल्यांवर डिव्हिनेशनचा (शोध घेणाऱ्या जादूचा, स्क्राइंगही त्यातलंच) नेम, टेलिपोर्ट, दुसऱ्या प्लेनवरून येणं. आणि टेलिपोर्टच्या बाबतीत शब्द आहेत आत आणि बाहेर, दोन्ही. व्हिलनने हे निवडलं तर तो स्वतःसुद्धा आतून पळू शकत नाही.

तुमच्या किल्ल्याची चावी मला इथे सापडते. भित्रा व्हिलन फॉर्बिडन्स निवडेल: तुम्ही येऊ नका, मला मात्र निसटू द्या. लपवाछपवी करणारा सँक्टम निवडेल आणि आपलं दार आपणच बंद करून घेईल. ज्याला बुरुजावरून दरी बघायला आवडते तो सँक्टम लावेल, पण बघण्याचा पर्याय टाळेल, कारण तो निवडला की सीमेवर काळोख आणि धुकं येतं. अशा खोलीत संजय आंधळा, पण समोरच्या टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या ‘रोग’ला (चोर पात्राला) पलंगसुद्धा दिसतो. आधी माणूस ठरवा, मग त्याने कोणती भिंत घेतली असती ते ठरवा. फट आपोआप सापडते. सगळं अडवणारी भिंत उभी करून नंतर प्लेअरांसाठी फट पाडायला गेलात, तर ती ओढूनताणून केलेली दिसते.

माझ्या टेबलावर हे पहिल्यांदा नीट जमलं ते एका केसामुळे. किल्ल्याच्या आतल्या बुरुजावर कायमचं सँक्टम होतं. व्हिलनवर स्क्राइंग टाकलं तर हाती शून्य. आधी मी नुसतं ‘काही दिसत नाही’ म्हणायचो आणि टेबलावर शांतता पसरायची. या वेळी म्हणालो, “तुझी नजर त्याला शोधत जाते आणि एका ठिकाणी हात भिंतीला टेकावा तशी टेकते.” एवढंच. सगळे सरसावून बसले, कारण आता त्यांना कळलं की तिथे काहीतरी आहे. किल्ल्याच्या मुदपाकखान्यातलं उरलेलं सूप मडक्यांत घालून गावात विकलं जातं, हे मी दोन सेशन आधी केवळ गंमत म्हणून सांगितलं होतं. आमच्या बार्डने (गवई पात्राने) एक मडकं विकत घेतलं आणि विचारलं, “यात केस आहे का?” मी हसत फासा टाकला. केस होता.

स्वयंपाक्याचा केस म्हणजे शरीराचा अंश, त्याच्या सेव्हला उणे १०. त्याच्याबद्दल नुसतं ऐकलेलं, म्हणून अधिक ५. एकूण उणे ५. विझार्डचा डीसी (सेव्हने गाठायचा आकडा) १८. विस्डम १० असलेल्या साध्या माणसाला २० पडले तरी १५ होतात. वाचण्याची शक्यताच नाही. दहा मिनिटं सेन्सर त्या बिचाऱ्याच्या मागे फिरला: मुदपाकखाना, अंगण, हातात थाळी, बुरुजाचं दार. आणि उंबरठ्यावर चित्र कापलं गेलं. सँक्टमची सीमा नेमकी कुठे आहे ते त्यांना फुटापर्यंत कळलं. वर मडकं होतंच, मुदपाकखान्यातून आलेलं, सहा महिन्यांच्या आतलं. रात्री पार्टी हमखास मुदपाकखान्यात उतरली आणि तिथून बुरुजावर पायी चढली. व्हिलनही पळू शकला नाही, त्याच्याच भिंतीमुळे. त्या कॅम्पेनमधली ती सगळ्यात चांगली रात्र, आणि टेलिपोर्ट व स्क्राइंग दोन्ही पूर्ण ताकदीने चालले होते.

बाकीच्या भिंती भराभर सांगतो. टायनी हटमधून (जादूच्या छोट्या घुमटातून) स्पेल आणि जादूचे परिणाम आरपार जात नाहीत. म्हणून बाहेरून आत टेलिपोर्ट मी अडवतो, आणि स्क्राइंगही अडवतो, जरी यावर वाद आहे. आतून बाहेर पडायला टेलिपोर्ट लागतोच कशाला, घुमट उभा राहताना आत असलेले लोक चालत बाहेर जाऊ शकतात. अँटीमॅजिक फील्डमध्ये टेलिपोर्ट ना सुटतो ना पोचतो, पण त्याची त्रिज्या १० फूट आणि ते आठव्या लेव्हलचं, तेव्हा किल्ला झाकायच्या कामाचं नाही. नॉनडिटेक्शन (डिव्हिनेशनपासून लपवणारा स्पेल) माणसावर टाकायचं, २५ गोल्डच्या हिऱ्याच्या पुडीत आठ तास. व्हिलन महालाबाहेर पडताना हे घेत असेल. अलार्म पहिल्या लेव्हलचा, काहीच अडवत नाही, फक्त उठवतो. तुमच्या मेलेल्या व्हिलनच्या पलंगाभोवती एवढं एक असतं, तरी तो निदान जागा होऊन मेला असता.

शिशाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात शिशाचा पत्रा स्क्राइंग अडवायचा, तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. पाचव्या आवृत्तीत शिसं लोकेट ऑब्जेक्ट आणि डिटेक्ट मॅजिकसारख्या स्पेलांना अडवतं, पण स्क्राइंगच्या मजकुरात त्याचा पत्ता नाही. जुने प्लेअर हे ठासून सांगतात, कारण त्यांनी ते तेव्हा खरंच वाचलेलं असतं. त्या काळी टेलिपोर्ट पाचव्या लेव्हलचा होता, विझार्डला नवव्या लेव्हललाच मिळायचा, त्यामुळे ‘पाहा आणि मारा’ ही युक्ती फार लवकर सुरू व्हायची. सातव्या लेव्हलवर गेल्यामुळे आता ती तेरापर्यंत लांबली, इतकंच.

आणि एक गोष्ट, जी मला कळायला लाजिरवाणा वेळ लागला. मिस्टी स्टेप, डायमेन्शन डोअर (त्याहून लांबची तशीच उडी) आणि टेलिपोर्ट, तिघांनाही टाकताना लागणारा घटक एकच आहे: आवाज. हातात बेड्या घाला, काही फरक पडत नाही. कोठडीला गज असतील तर त्यातून बाहेरचं दिसतं, म्हणजे मिस्टी स्टेप चालतो. भिंत दगडाची असेल तर डायमेन्शन डोअरला पाहावंच लागत नाही. ‘दोनशे फूट सरळ खाली’ एवढं म्हटलं तरी पुरतं. फक्त तिथे जागा रिकामी हवी, नाहीतर ४डी६ डॅमेज बसतं आणि तुम्ही जिथल्या तिथे. पण तोंडात बोळा कोंबला की तिन्ही बंद. सायलेन्स दुसऱ्या लेव्हलचा, २० फूट त्रिज्या, १२० फुटांवरून टाकता येतो. पळू पाहणाऱ्या व्हिलनवर तुमच्या क्लेरिकने (पुजारी पात्राने) तो टाकला की झालं. सायलेन्समध्ये बाहेरून येऊन उतरता मात्र येतं, कारण शब्द बाहेरच उच्चारलेले असतात.

तेव्हा बंदी नको आणि सरसकट सँक्टमही नको. किल्ल्याला एक बुरुज सँक्टमचा द्या, देवघरावर फॉर्बिडन्स असेल तर असू द्या, बाकी अंगण, तबेले, मुदपाकखाना उघडा ठेवा. बुरुजात रोज कोण जातं-येतं त्यांची चार नावं लिहून ठेवा: धोबी, वैद्य, स्वयंपाकी, मांजर. मांजरावरही स्क्राइंग चालतं.

राहिला तो आधीचा व्हिलन, दोन राउंडांत गेलेला. त्याच्या पदरी कुणी जादूगार असेलच. त्या खोलीत तुमच्या पार्टीतल्या कुणाचं रक्त सांडलं का, कुणाचा बाण राहिला का, झग्याची चिंधी पलंगाला अडकली का, ते तुमच्या टिपणांत बघा. चिंधी असेल तर सेव्हला उणे ४, रक्त असेल तर उणे १०. आणि तुमच्यापैकी कुणी नॉनडिटेक्शन तयार ठेवतं का, ते पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सहज विचारल्यासारखं विचारा.